‘अगदी आपल्यासारखी’: ब्रिटिश मालिका आणि त्यांचा मध्यमवर्गीय प्रेक्षक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणींच्या कपाळाला आठी पडली असणार. इथे रोज एवढं पुढ्यात येऊन पडत असताना इंग्लंडातला मध्यमवर्ग टीव्हीवर काय बघतो याच्याशी आपलं काय देणंघेणं? तयारीच्या बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी मला हे तोंडावर विचारलं, आणि विचारलं ते बरंच झालं. कारण उत्तर शोधताना मला माझ्याच कामाकडे पुन्हा बघावं लागलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे, मी २०२२च्या जानेवारीत इंग्लंडला गेले आणि २०२४च्या उन्हाळ्यात परत आले. तिकडे समाजकार्यकर्त्यांची चणचण आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलींना भारतातून नेतात. मी एका जिल्ह्याच्या बालसंरक्षण विभागात होते. राहायला एका बाईंच्या घरातली वरची खोली घेतली होती. बाई सत्तरीच्या, विधवा, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. स्वभावाने फार चांगल्या. रविवारी रात्री आठच्या सुमाराला त्या मला खालून हाक मारायच्या, आणि आम्ही दोघी चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसायचो. रविवारची रात्र म्हणजे तिकडे मालिकांची खास वेळ. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, जरा उदास वाटत असतं, अशा वेळी लोकांना काहीतरी ऊबदार, नीटनेटकं बघायला हवं असतं. माझं ब्रिटिश मालिकांचं शिक्षण त्या सोफ्यावर झालं. वाचन नंतर केलं.

आधी थोडं बाजाराबद्दल. ते कोरडं आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं उलगडत नाही.

बी.बी.सी. १९२२ साली निघाली, १९२७ साली सार्वजनिक महामंडळ झाली. तिच्यावर जाहिराती नाहीत. लोक लायसन्स फी भरतात. १९५५ साली आय.टी.व्ही. सुरू झालं, ते जाहिरातींवर. जाहिरातदाराला सरसकट सगळे प्रेक्षक नको असतात, खिशात पैसे असलेले हवे असतात. मग माणसांची प्रतवारी करणं आलं. तिकडची प्रतवारी अशी: ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई. ए म्हणजे वरचा मध्यमवर्ग, बी मधला, सी-वन म्हणजे कारकून वगैरे खालचा मध्यमवर्ग. सी-टू म्हणजे कुशल कामगार, डी म्हणजे अर्धकुशल आणि अकुशल, आणि ई म्हणजे सरकारी पेन्शनवर किंवा भत्त्यावर जगणारे, हंगामी काम करणारे. पहिले तीन एकत्र केले की ‘ए-बी-सी-वन’. हा शब्द तिकडच्या वाहिन्यांच्या कचेऱ्यांत जपमाळेसारखा चालतो.

आता यातली गोम बघा. ही प्रत माणसाची नसते, घराची असते, आणि घराची प्रत ठरते ती कुटुंबप्रमुखाच्या धंद्यावरून. कित्येक दशकं कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. म्हणजे डॉक्टरची बायको स्वतः एक पैसा मिळवत नसली तरी वरच्या प्रतीत, आणि कामगाराची बायको शिक्षिका असली तरी नवऱ्याच्या प्रतीत. पुढे १९९०च्या दशकात ‘मुख्य मिळवती व्यक्ती’ असा शब्द आला. घटस्फोट झाला की बाई एका रात्रीत दोन पायऱ्या खाली! आपल्याकडे १९८८च्या सुमाराला बाजार-संशोधनवाल्यांनी जी वर्गवारी आणली, तीही मुख्य मिळवत्या माणसाच्या शिक्षणावर आणि धंद्यावरच बेतलेली होती, तेव्हा आपण फार हसायला नको. शिवाय तिकडच्या प्रेक्षकगणनेत ‘गृहिणी’ नावाचा एक रकाना असायचा. घरातला बाजारहाट मुख्यतः जो करतो तो गृहिणी. म्हणजे पिशवी घेऊन भाजी आणणारा एकटा पुरुषही कागदोपत्री गृहिणी. तेवढ्यापुरता तरी घरकामाला लिंग नाही हे जाहिरातदारांनी आपल्या आधी मान्य केलं होतं.

वरच्या प्रतीचे लोक टीव्ही कमी बघतात. म्हणून ते दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. त्यांना पडद्यासमोर बसवणाऱ्या कार्यक्रमात जाहिरात करायला कंपन्या जास्त पैसे मोजतात. १९८७ साली आय.टी.व्ही.वर ‘इन्स्पेक्टर मोर्स’ सुरू झाली. दोन-दोन तासांचा एकेक भाग, ऑक्सफर्डचं विद्यापीठ, जुनी जॅग्वार गाडी, ऑपेराचं संगीत, आणि शब्दकोडी सोडवणारा एकटा फौजदार. खून होतात, पण देखण्या आवारात. १९८९ साली आलेली ‘प्वारो’ त्याच वाणाची, ती थेट २०१३ पर्यंत चालली. त्या मालिकांमध्ये जे सभ्य, संथ, जुनं इंग्लंड दिसतं त्याला पडद्यामागे दरपत्रक असतं.

बी.बी.सी.ला जाहिराती नाहीत म्हणून ती यातून सुटली, असं मात्र नाही. लायसन्स फी किती ठेवायची हे सरकार ठरवतं, आणि सरकारात, वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत बसलेला वर्ग खूश राहिला तरच बी.बी.सी. तगते. मग त्या वर्गाला अभिमान वाटेल असं काहीतरी दाखवत राहावं लागतं. आणि ही फी सगळ्यांना सारखीच. २०२५ साली वर्षाला १७४.५० पौंड, सरदाराला तेवढीच, सफाई कामगार बाईलाही तेवढीच. फी न भरता टीव्ही बघणं हा फौजदारी गुन्हा आहे. २०१९ साली या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या दर चार जणांत जवळजवळ तीन बायका होत्या. बायका जास्त अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. तपासनीस दारावर येतो तेव्हा घरात बाई असते. दार ती उघडते, नाव ती सांगते, कागदावर सही तिची होते. एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईच्या घरात तर दुसरं कुणी नसतंच. बी.बी.सी.ने स्वतः यावर २०१७ साली अहवाल काढला, त्यातही कारणं याच धर्तीची आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझ्या यादीतल्या दोन आया आल्या. दोघींनाही असा दंड झालेला होता. रविवारच्या मालिकेचा खर्च कोण देतं आणि ती बनते कोणासाठी, हा प्रश्न मला तिथून सुटेना.

आता मालिकांकडे वळू. कामगारवर्गाच्या मालिका तिकडे नाहीत का? आहेत. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे, ‘ईस्टएन्डर्स’ १९८५ पासून. दोन्हींत तोंडाळ, खंबीर, चुका करणाऱ्या बायका भरपूर. पण त्यांना ‘सोप’ म्हणतात, साबणाच्या जाहिरातींवरून पडलेलं नाव. आठवड्यातल्या संध्याकाळी, अर्ध्या तासाचा तुकडा, स्वस्तात बनलेला. आणि भारी कपड्यांची, वाड्यांची, कादंबरीवर बेतलेली मालिका आली की तिला ‘ड्रामा’ म्हणायचं, ‘दर्जेदार’ म्हणायचं. माझ्या घरमालकीणबाई सांगायच्या, ‘मी सोप बघत नाही हं.’ त्या बघायच्या. दुपारी पुनःप्रक्षेपण असतं तेव्हा. आपल्याकडेही ‘मी नाही बाई त्या मालिका बघत’ म्हणणाऱ्या सुशिक्षित बायकांना सासूसुनांची सगळी नावं पाठ असतातच.

या दर्जेदार प्रकाराचा पाया घातला १९६७च्या ‘द फोर्साइट सागा’ने. गाल्सवर्दींच्या कादंबऱ्यांवरची, २६ भागांची. आधी बी.बी.सी. टूवर आली, मग १९६८-६९ साली रविवारी रात्री मुख्य वाहिनीवर. शेवटच्या भागाला सुमारे एक कोटी ऐंशी लाख प्रेक्षक होते. काही चर्चना संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलावी लागली असं सांगतात. एका श्रीमंत व्यापारी-वकील घराण्याची ही गोष्ट. त्यातला सोम्स फोर्साइट हा बायकोकडेही मालमत्ता म्हणूनच बघतो, आणि एका रात्री तिच्यावर बलात्कार करतो. एवढ्या सभ्य मालिकेत, एवढ्या सभ्य दिवाणखान्यांत हे दिसलं. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण तारखा लक्षात घ्या. १९६७ साली इंग्लंडच्या कायद्यात नवऱ्याने केलेला बलात्कार हा गुन्हाच नव्हता. तो ठरला १९९१ साली, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाने. म्हणजे १९६७ साली मालिकेत जे दिसलं, ते गुन्हा आहे हे मान्य व्हायला आणखी चोवीस वर्षं गेली. आपल्याकडे १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता आली, तिच्या ६३व्या कलमातही नवऱ्याचा अपवाद आहेच. तेव्हा चोवीस वर्षांना नावं ठेवताना जपून.

पुढची मालिका मला जास्त जवळची आहे, ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’. १९७१ ते १९७५, आय.टी.व्ही. कल्पना दोन नट्यांची: जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स. त्यांना करायची होती दोन मोलकरणींची गोष्ट, तीही विनोदी अंगाने. नावसुद्धा नोकरांच्या बाजूच्या हिरव्या दारावरून ठरलेलं होतं. प्रत्यक्षात बनताना वरच्या मजल्यावरचं बेलामी कुटुंब आलं आणि मालिका दोन मजल्यांत वाटली गेली. तरीही तिने एक गोष्ट केली. चांदीची भांडी पुसावी लागतात, शेगडी पहाटे पेटवावी लागते, कोळसा जिन्यावरून वर न्यावा लागतो हे दाखवलं. १९११च्या सुमाराला इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांहून जास्त बायका घरनोकर होत्या. गिरण्यांमधल्या बायकांवर पुस्तकं निघाली. यांच्यावर फारसं कुणी बोलत नव्हतं. आणि १९७०च्या दशकात टीव्हीसमोर बसलेल्या मध्यमवर्गीय बाईची आजी वरच्या मजल्यावरची असण्यापेक्षा खालच्या मजल्यावरची असण्याचीच शक्यता जास्त होती! तरी बघताना ती स्वतःला कुठे बसवत होती, हा खरा प्रश्न.

२०१०ची ‘डाउनटन ॲबी’ याच वाटेने आली, पण चाळीस वर्षांनी आणि उलट्या तोंडाने. तिच्यात नोकर आहेत, भरपूर आहेत, आणि बहुतेक जण मालकांवर प्रेम करतात. मालक त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून देतात, कोर्टकचेरीत पाठीशी उभे राहतात. मजूर असणं म्हणजे एका मोठ्या मायाळू कुटुंबात असणं. घरकामगार संघटनेत काम केलेल्या मैत्रिणी इथे हसताहेत, मला दिसतंय. ‘आमच्याकडे ती घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? घरच्यासारखी, म्हणून सुट्टी नाही आणि बोनसही नाही.

२०१३ साली या मालिकेत ॲना नावाच्या मोलकरणीवर दुसऱ्या घराचा नोकर बलात्कार करतो. वरती गाण्याची मैफल चालू असते, खाली हे घडतं. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. बऱ्याच जणांची तक्रार अशी की, रविवारच्या रात्री असलं काही आम्हाला नको. पण माझी तक्रार वेगळी आहे. ॲना गप्प राहते, कारण नवऱ्याला कळलं तर तो त्या माणसाला मारून टाकील आणि फासावर जाईल अशी तिला धास्ती. तिथून पुढे कितीतरी भाग गोष्ट फिरते ती नवऱ्याभोवती: त्याला कळलं का, त्याने केलं का, तो सुटेल का. जिच्यावर बेतलं ती आपल्याच गोष्टीत मागे ढकलली गेली. आणि अत्याचार करणारा कोण? बाहेरून आलेला नोकर. घरातला मालक नाही, पाहुणा सरदार नाही. मोलकरणींना धोका कुणापासून असतो, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

या असल्या मालिका परदेशातही विकल्या जातात. अमेरिकेत १९७१ पासून सार्वजनिक वाहिनीवर खास त्यांच्यासाठीच एक मालिका-मालिका सुरू झाली, आणि तिचा खर्च उचलला मोबिल या तेलकंपनीने. तेलकंपनीला सुशिक्षितांत नाव हवं होतं, ते वाड्यांमधून मिळालं. १९८४ साली ‘द ज्युएल इन द क्राउन’ आली, त्यात तर आपणच होतो, पार्श्वभूमीला. चौदा भाग, मध्यवर्ती घटना एका गोऱ्या मुलीवर हिंदी माणसांनी केलेला बलात्कार. सलमान रश्दींनी त्याच वर्षी लेख लिहून विचारलं की, साम्राज्याचं रूपक म्हणून बलात्कारच घ्यायचा तर तो उलट्या दिशेने का नाही? मालिका मला काही ठिकाणी खरोखर चांगली वाटली, गोऱ्या बायकांचा एकटेपणा तिने नीट पकडलाय. पण रश्दींचा प्रश्न खोडता येत नाही.

या सगळ्या प्रवाहाच्या विरुद्ध एक धारा होती, तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. १९६५ साली बी.बी.सी.ने ‘अप द जंक्शन’ दाखवलं. नेल डन यांचं लेखन, केन लोच यांचं दिग्दर्शन. कारखान्यातल्या मुली, आणि चोरून केलेला गर्भपात. गर्भपाताचा कायदा तिकडे १९६७ साली झाला. १९६६च्या नोव्हेंबरात त्याच लोचनी ‘कॅथी कम होम’ केलं. एक तरुण जोडपं, नवऱ्याला अपघात, नोकरी जाते, घर जातं, मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, शेवटी बेघरांच्या वसतिगृहात, आणि अखेरीला रेल्वे स्टेशनवर सरकारी माणसं येऊन कॅथीच्या हातातून मुलं ओढून नेतात. एक कोटीहून जास्त लोकांनी ते पाहिलं. सरकारकडे विचारणा झाली, चर्चा झाली, बेघरांसाठीच्या संस्थांना बळ मिळालं.

मी हे पाहिलं ते कामावर रुजू होऊन वर्ष झाल्यावर, लॅपटॉपवर, रात्री. शेवटचं दृश्य बघताना सगळे कॅथीच्या बाजूने असतात. मीही होते. मग लक्षात आलं, मुलं ओढून नेणारे ते लोक म्हणजे माझं खातं. मी.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत. माझ्याकडे एकाच महिन्यात दोन घरं आली. पहिलं सरकारी गाळ्यात. आई पंचविशीची, दोन मुलं, जोडीदार मारायचा, मग निघून गेलेला. मी गेले तेव्हा सिंकमध्ये भांडी होती, सोफ्यावर कपड्यांचा ढीग, टीव्ही मोठ्याने चालू. मी अहवालात लिहिलं: ‘घर अस्ताव्यस्त. दूरचित्रवाणी दिवसभर चालू असते.’ दिवसभर असते हे मला कसं कळलं? मी तिथे चाळीस मिनिटं होते. दुसरं घर बागेचं, स्वतःचं. शाळेने कळवलं होतं की मुलगी फार गप्प झाली आहे. दार वडिलांनी उघडलं. चहा विचारला, कोट काढून घेतला, माझ्या नावाचा उच्चार नीट करून घेतला. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिला काही विचारलं की ती आधी त्याच्याकडे बघायची. भिंतीवर पुस्तकं, ओट्यावर काही नाही, अगदी लख्ख. मी लिहिलं: ‘घर नीटनेटकं, पालक सहकार्य करणारे.’ फाइल बंद करण्याची शिफारससुद्धा केली.

पाच महिन्यांनी ती बाई मुलीला घेऊन एका आश्रयगृहात गेली, तेव्हा कळलं. तिच्याकडे बँकेचं कार्ड नव्हतं. फोन तो तपासायचा. ओट्यावर काही राहिलं तर रात्रभर झोपू द्यायचा नाही. ज्या लख्ख ओट्याची मी अहवालात नोंद केली होती, तोच पुरावा होता. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला रागावलं नाही. म्हणाल्या, आपल्याला सगळ्यांनाच अशी घरं सुरक्षित वाटतात. कुठून वाटतात? मी त्या घरात याआधी अनेकदा जाऊन आले होते, रविवारी रात्री, सोफ्यावरून. तसलाच दिवाणखाना, तसलाच सौम्य आवाजाचा नवरा. आणि पहिलं घरही मी पाहिलेलं होतं, बातमीपटांत आणि फौजदारी मालिकांत, जिथे टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि मुलाचं काहीतरी वाईट होणार असतं.

मारहाण नसलेला पण बाईला घरात कोंडणारा असा छळ तिकडे २०१५च्या कायद्याने गुन्हा ठरला. आणि तो सामान्य माणसांना समजला तो एका मालिकेमुळे. टीव्हीवरची नाही, रेडिओवरची: ‘द आर्चर्स’. १९५१च्या १ जानेवारीपासून चालू आहे. एका खेड्याची गोष्ट. शेतीवाडी, चीज, चर्चची जत्रा. श्रोते बहुतांशी मध्यमवर्गीय. त्यात हेलन नावाच्या स्त्रीला तिचा नवरा रॉब दोन-अडीच वर्षं, भागामागून भाग, हळूहळू आवळत नेतो. २०१६च्या एप्रिलमध्ये ती त्याला सुरी मारते, सप्टेंबरात निर्दोष सुटते. या काल्पनिक हेलनसाठी एका श्रोत्याने निधी गोळा करायला घेतला आणि एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली, खऱ्या आश्रयगृहांसाठी. हे काम फार मोठं झालं, त्याला मी कमी लेखत नाही. माझ्या त्या बागेच्या घरातल्या बाईनेही पुढे सांगितलं की आपल्या घरात चाललंय त्याला नाव आहे, हे तिला त्या मालिकेतून कळलं.

पण एक नाव इथे घ्यायला हवं. किरणजित अहलुवालिया. पंजाबातून लग्न होऊन गेलेली. दहा वर्षं मार खाल्ला. १९८९ साली नवरा झोपलेला असताना तिने त्याला पेटवलं, तो मेला, तिला जन्मठेप झाली. तिच्यासाठी निधी गोळा करायला आपणहून देश उठला नाही. उठल्या त्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स, १९७९ साली सुरू झालेली आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बायकांची संघटना. कोर्टाबाहेर उभ्या राहिल्या, वकिलांशी भांडल्या, वर्षानुवर्षांच्या छळाचा मनावर काय परिणाम होतो हे न्यायालयाला ऐकायला लावलं. १९९२ साली ती सुटली. हा युक्तिवाद बायकांच्या चळवळीने रस्त्यावर घडवला. मग तो मालिकांमध्ये गेला. १९९३ ते ९५ या काळात ‘ब्रुकसाइड’मध्ये नवऱ्याला मारून अंगणात पुरणारी मँडी आली, २०१६ साली हेलन आली. गोष्ट तीच, पण बाई दर वेळी गोरी. आणि हेलनपर्यंत पोचेतो घरचं चीज बनवणारी, खेड्यातल्या खात्यापित्या घरातली. सहानुभूतीला वाट मिळावी म्हणून गोष्टीला कपडे बदलावे लागले. लेखकांना मी दोष देत नाही. त्यांना आपला श्रोता माहीत होता.

शेवटचं उदाहरण अगदी डोळ्यांसमोरचं. २०२४च्या नववर्षाच्या आठवड्यात, १ ते ४ जानेवारी, आय.टी.व्ही.वर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ लागली. १९९९ ते २०१५ या काळात टपाल खात्याच्या सदोष संगणकप्रणालीमुळे हिशेबात खोटी तूट दिसली, आणि नऊशेहून जास्त उपडाकपालांना चोर ठरवून शिक्षा झाल्या. घरं गेली, काहींनी जीव दिला. एका संगणक-साप्ताहिकाने हे २००९ सालीच छापलं होतं. पंधरा वर्षं फारसं कुणी हललं नाही. चार रात्रींच्या मालिकेने देश हलला, आणि मे महिन्यात शिक्षा रद्द करणारा कायदा झाला.

आम्ही दोघी चारही रात्री बघत होतो. त्यातली जो हॅमिल्टन ही खरी व्यक्ती. हॅम्पशायरच्या खेड्यातलं दुकान, केक, चहा, दुकानात येऊन धीर देणारे गावकरी. घरमालकीणबाई रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘ती अगदी आपल्यासारखी आहे गं.’ मनापासून म्हणाल्या, आणि त्या ‘आपल्या’त मलाही घेतलं होतं त्यांनी. मी नुसती मान हलवली. त्या उपडाकपालांमध्ये आशियाई वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. मालिकेत तेही आहेत, पण बाजूला. सीमा मिश्रा, सरे परगण्यातल्या डाकपाल. २०१० साली मुलाच्या दहाव्या वाढदिवशी त्यांना तुरुंगात पाठवलं, पोटात आठ आठवड्यांचं बाळ होतं. शिक्षा रद्द व्हायला २०२१ साल उजाडलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्यांच्याबद्दल सांगितलं. बाईंनी टोस्टवर लोणी लावता लावता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हे मला कुणी दाखवलंच नाही.’ मग थोड्या वेळाने: ‘दाखवलं असतं तर चार रात्री बसले असते का, कोण जाणे.’ एवढं प्रामाणिक उत्तर मला कुठल्याही माध्यम-परिसंवादात मिळालेलं नाही.

आपल्याकडेही अधूनमधून मालिकांचे लेखक येतात, ‘एखादी केस सांगा ना’ म्हणतात. गेल्या वर्षी एक जण आले होते, त्यांना मी तीन बायकांबद्दल बोलले, नावगाव न सांगता. त्यांनी तिसरी निवडली. का, विचारलं तर म्हणाले, ‘हिचं घर दाखवता येईल.’ अशा वेळी आपण काय करायचं, हो म्हणायचं की नाही, कोणत्या अटी घालायच्या, हे मला तुमच्याशी बोलायचं आहे. माझं मत अजून ठरलेलं नाही. चर्चेला पाऊण तास ठेवला आहे.

त्याआधी चहा, आणि चहानंतर ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’चा पहिला भाग बघू. १९७१चा आहे, लेखन फे वेल्डन यांचं. एक मुलगी कामाला म्हणून येते ती पुढच्या दाराने, तर तिला खालच्या दाराकडे पाठवतात. ती आपलं नाव सांगते, मालकीणबाईंना ते मोलकरणीला शोभेलसं वाटत नाही, म्हणून त्या तिथल्या तिथे तिचं नाव बदलून सारा ठेवतात. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव कोरून घेतलेल्या आपल्यात कितीजणी आहेत, ते हात वर करून नंतर मोजू. इंग्रजी बोलणं भरभर आहे. जिथे अडेल तिथे थांबवायला सांगा, मी मराठीत सांगत जाईन. खिडक्यांचे पडदे तेवढे कुणीतरी ओढून घ्या.